कमरेभर पाणी

नव्या चिचबोडीत दामिनीला दोन वर्षं लोक 'पलटी' म्हणत होते. किराण्याच्या दुकानात गेली तर 'आली पलटी', रोवण्याला धानाच्या बांधीत उतरली तर 'पलटी, जपून वो, पाणी हाय'. बायका हसायच्या, तीही हसायची, आणि घरी आल्यावर चुलीपुढं बसून दातओठ खायची. माणूस कालांतरानं सगळं विसरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिच्याकडे येऊन बसावं. ती काहीच विसरली नव्हती. उलट रोज उजळणी करत होती, आणि त्या उजळणीत दर वेळी एकच माणूस होता, भुपेंद्र.

जुनी चिचबोडी आता वैनगंगेच्या बॅकवॉटरखाली आहे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा दामिनी नऊ वर्षांची होती. गाव उठून वरच्या टेकाडावर आलं, गल्ल्या सरळ झाल्या, घरं एकसारखी झाली आणि नावाआधी 'नवी' लागलं. तिचे वडील वासुदेवराव जुन्या गावात पाणकर होते. बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं पाणी कोणाच्या धानाला कधी आणि किती सोडायचं, हे त्यांच्या हाती. बोडी बुडाली, तिची पाळ, म्हणजे मातीचा बांध, बुडाली, पाळीवरची चिंच बुडाली, आणि पाणकराला काम उरलं नाही. तरी ते सकाळी काठावर जात आणि पाण्याकडे बोट दाखवून सांगत, तो सुकलेला शेंडा दिसतो ना, ती आपली चिंच, तिथून पाळ धर, उजवीकडे दोनशे पावलं चाल, मग सांडवा. ऐकायला दुसरं कोणी नसलं की दामिनी ऐकायची.

मोठा मायाळू माणूस, पण स्वस्थ बसेल तर शपथ. दाराला कडी लाव, बकरीचं दावं आवळ, दामिनीच्या डब्याच्या पिशवीला दुहेरी गाठ मार, असं त्यांचं दिवसभर चाललेलं असायचं. कॉलेजात डबा खायला बसली की ही पोरगी आधी पिशवी दातांनी सोडवायची आणि मैत्रिणी खो-खो हसायच्या.

पुढं काठावर नौकाविहाराचं केंद्र आलं. गावानं त्याला 'किलब' म्हणायला सुरुवात केली. किलबात पायडलच्या बोटी होत्या, मोटारबोट होती, आणि एक कॅटामरान होतं. दोन अरुंद डोंगे शेजारी-शेजारी, आडव्या नळ्यांनी जोडलेले, मध्ये ताणून बसवलेली जाळी, त्या जाळीवर माणसांनी बसायचं, पुढं डोलकाठी आणि तिच्यावर शीड. लोकांनी पाहिलं आणि त्याला जोडडोंगा म्हणून मोकळे झाले. तो चालवायचा भुपेंद्र. लाखनीचा. बापाचं हायवेवर टायरचं दुकान, पण या पोरानं गोव्याला जाऊन तीन महिने शिडाचं शिक्षण घेतलेलं, त्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा आणि बोलण्यात निम्मं गोवा.

दामिनी तिथं लागली ती पर्यटकांना जॅकेटं बांधून द्यायला. वर्षभरात ती शीड हाताळायला शिकली, आणि शिकवलं भुपेंद्रनंच, हे ती आजही नाकारत नाही. शिडाचा मोठा दोर कप्प्यांमधून येऊन एका दातेरी चिमट्यात अडकतो. वारा सरळ असेल तर ओढून घ्यायचा, चिमट्यात बसवायचा. झोत आला आणि एक डोंगा पाण्यावरून उचलू लागला, की दोर वर झटकून चिमट्यातून काढायचा आणि हातातून पळू द्यायचा. शीड सैल पडतं, वारा निघून जातो, डोंगा खाली बसतो. सगळं कौशल्य धरण्यात नाही, सोडण्यात आहे. भुपेंद्र हे पर्यटकांना रोज सांगायचा. दामिनीच्या हाताला ते इतकं बसलं होतं की डोळे मिटून तिला झोताची चाहूल मानेवर लागायची. मग किलबाचा मॅनेजर एकदा चारचौघांत म्हणाला की पोरगी सुकाणूवर बसली तर सरांना सुट्टी द्यावी लागेल. भुपेंद्र हसला, पण त्याचं ते हसणं दामिनीच्या लक्षात राहिलं.

दोन वर्षांपूर्वी होळीनंतरच्या रविवारी किलबाचा जाहीर कार्यक्रम होता. मंडप, भोंगे, भंडाऱ्याहून पाहुणे, आसपासच्या गावांतले बघे. सुकाणूवर भुपेंद्र आणि मोठ्या दोरावर दामिनी असं ठरलं. बोट सकाळी भुपेंद्रनंच जोडली. दोघं जॅकेटं घालायला शेडमध्ये गेली, तेवढा वेळ वासुदेवराव धोतर खोचून बोटीचं नाक धरून पाण्यात उभे होते. लेकीची बोट म्हटल्यावर ते दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नव्हते.

जाताना सगळं झकास झालं. परतताना झोत आला, डावा डोंगा पाण्याबाहेर निघाला, भुपेंद्र ओरडला, "सोड!" दामिनीनं दोर झटकला. तो चिमट्यातून निघाला, वीतभर पळाला आणि गच्च थांबला. तिनं पुन्हा झटकला. काही नाही. शीड तसंच भरलेलं, डोंगा तसाच वर चढत गेला, आणि सगळा जोडडोंगा आडवा होऊन मग पुरता पालथा झाला. डोलकाठी तळाकडे, डोंग्यांची पोटं आभाळाकडे.

दामिनी जाळीखाली सापडली. दोन डोंग्यांच्या मध्ये वीतभर हवा होती, तिच्यात तोंड वर करून ती श्वास घेत होती, आणि पायाला दोराचा वेढा बसला होता. तो सोडवायला ती हात घालत गेली आणि तिच्या बोटांना ती लागली. कप्पीच्या तोंडाशी, दोरात, सुपारीएवढी गाठ. शिडाच्या दोरात मध्येच गाठ म्हणजे सोडलेला दोर कप्पीत अडकणार, हे न कळायला बोट जोडणारा काही दूधखुळा नव्हता. त्या वीतभर हवेत तिला सगळं उमगलं. तेवढ्यात वर हालचाल झाली. भुपेंद्र पालथ्या बोटीवर चढून जाळीवर बसला होता. जाळीच्या विणीतून त्याच्या टाचा तिला दिसत होत्या. तिनं खालून बुक्की मारली. दुसरी मारली. तिसऱ्या बुक्कीला त्यानं पाय उचलून घेतले आणि तो डोंग्यावर सरकून बसला.

मोटारबोटीवाल्या हिरालालनं आधी भुपेंद्रला घेतलं, कारण तो वर होता. मग हिरालालनं विळा घेऊन बुडी मारली आणि दोर कापून दामिनीला बाहेर काढलं. कापलेला तुकडा गाठीसकट गेला तळाला. काठावर ती ओकारीनं पाणी काढत होती आणि मंडपात भुपेंद्र भोंग्यावर सांगत होता, "घाबरण्यासारखं काही नाही. पोरगी घाबरली. म्या सोड म्हटलं, तिनं दोर सोडलाच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, सर वाचले म्हणून. मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी तिला येऊ नको म्हणून कळवलं. घरी जाताना वासुदेवराव एकच वाक्य बोलले, "दोर हातातच होता ना वो तुह्या?" तिला वाटलं, बापानंही भोंग्याचंच खरं मानलं. त्या दिवसापासून तिनं त्यांच्यापुढं बोटीचं नाव काढलं नाही, आणि त्यांनीही काढलं नाही.

गाठीची गोष्ट तिनं गावात कोणालाच सांगितली नाही. पुरावा तळाशी, सांगणारी बदनाम. लोक म्हणाले असते, नाचता येईना अंगण वाकडं. तिनं ती पोटात ठेवली आणि सुडाला पाणी घालत राहिली.

सांगितली फक्त भय्याजींना. कोंढ्याचे भय्याजी नौदलातून निवृत्त होऊन शेती करत होते, आणि किलबानं टाकून दिलेला तडकलेला जुना जोडडोंगा त्यांनी मागून आणून, फायबरचं ठिगळ लावून पाण्यात टाकला होता. त्यांनी तिची सगळी कथा ऐकून घेतली आणि विचारलं, "गाठ मारताना पाह्यलं का तू त्याले?"

"बोट त्यानं जोडली. आणखी कोण मारन?"

"पाह्यलं नसन तं नाव घेऊ नोको." एवढं म्हणून त्यांनी विषय बदलला. "पलटी म्हणतात ना तुले? मंग पलटी खाय. शंभर डाव खाय."

तिनं शंभराहून जास्त खाल्ल्या. पाऊस उघडला की सायकल काढायची आणि पलट्या खायला जायचं. भय्याजी काठावर बसून तंबाखू मळत आणि ओरडत. उलटली की आधी सोबतच्या माणसाला हाक मार. मग दोर मोकळे कर, भरल्या शिडासकट बोट सरळ झाली तर पुन्हा पलीकडे उलटते. मग खालच्या डोंग्याच्या नाकाकडे सरक, म्हणजे बोट आपोआप फिरून वाऱ्याकडे तोंड करते. मग वरच्या डोंग्यावरून दोर टाक, खालच्या डोंग्यावर उभी राह्य आणि अंग मागं झोकून लटक. वारा शिडाखाली शिरला की तोच बोट उचलतो. उचलू लागली की डोक्यावर येणारा डोंगा चुकव आणि पुढची नळी पकड, नाहीतर बोट तुला सोडून निघून जाईल. आणि काहीही झालं तरी बोट सोडायची नाही. उलटी बोट वाऱ्यानं माणसाच्या पोहण्यापेक्षा जोरात वाहते. जो बोट सोडतो तो मागं राहतो.

पहिले दोन महिने बोट उठायचीच नाही. दामिनीचं वजन शेहेचाळीस किलो, त्या लटकण्याला जोडडोंगा काय दाद देणार? मग तिनंच एक युक्ती काढली. बियाण्याच्या धानाची प्लास्टिकची जाड बोरी, म्हणजे पोतं, तिनं दोराला बांधलं. लटकायच्या आधी बोरी पाण्यात बुडवून भरायची, तोंड आवळायचं आणि खांद्यामागं घेऊन अंग झोकायचं. पाण्यात बोरीला वजन नसतं, पाण्याबाहेर निघाली की तीस किलो होते. डोलकाठी हलली, शिडावरून पाणी निथळलं आणि बोट धप्पकन सरळ झाली. भय्याजी तंबाखू थुंकून उभेच राहिले. नौदलातही असंच भरलेल्या पिशवीनं करतात, म्हणाले, फक्त तिथं बोरीवर 'सुधारित जय श्रीराम धान' असं लिहिलेलं नसतं.

आणि ही सगळी मेहनत बोट वाचवायला चालली होती असं कोणी समजू नये. तिला भुपेंद्र पाण्यात हवा होता. सगळ्यांसमोर, ओरडत. बाकीचा हिशेब तिनं बांबूनं केला. वडिलांचं सकाळचं पारायण तिला पाठ होतं. चिंचेच्या शेंड्यापासून पाळ, उजवीकडे दोनशे पावलं. होळीच्या सुमारास धरणाचं पाणी उतरतं, तेव्हा तिथं बांबू टाकून तिनं मापलं. सगळीकडे तीन-चार पुरुष पाणी आणि मध्येच एका लांब पट्ट्यात कमरेएवढं. गावाची पाळ खाली तशीच उभी होती.

यंदा मॅनेजरचाच निरोप आला. केंद्राच्या परवानगीसाठी उलटलेली बोट दोघांनी सरळ करून दाखवायची होती, भुपेंद्रचा जोडीदार नागपूरला निघून गेला होता, आणि भय्याजींनी सांगितलं की हे काम येणारी माणसं इथं दोन, एक मी आणि माझे गुडघे गेले. दामिनी किलबात पाऊल ठेवते तो भुपेंद्रनं चष्मा वर केला, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, चूक कोणाच्याही हातून होते, आपण केव्हाच माफ केलं. माफ केलं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दामिनी खाली मान घालून "हो सर" म्हणाली, आणि म्हणाली की या वेळी दोर तुम्ही घ्या, माझ्या हाताचा भरवसा नाही, मी सुकाणू धरते. त्याला ते रास्त वाटलं.

होळीनंतरचाच रविवार होता. तोच मंडप, तेच भोंगे. बोट तिनं पहाटे येऊन स्वतः जोडली, सगळा दोर बोटांतून फिरवून पाहिला, आणि त्यानंतर कोणाला बोटीजवळ फिरकू दिलं नाही. वासुदेवराव पाण्यात उतरू लागले तर त्यांनाही तिनं काठावर बसवलं. ते हिरमुसून धोतर झटकत वर गेले. हिरालालला तिनं सांगून ठेवलं, मी हात वर केला तर यायचं नाही.

ठरलं होतं की खोल पाण्यात, मोटारबोटीच्या शेजारी, तिनं इशारा दिल्यावर बोट उलटवायची. वारा काठाकडून आत वाहत होता. चिंचेच्या शेंड्याच्या उजवीकडे, पाळ ओलांडून जरा पुढं गेल्याबरोबर दामिनीनं इशाराबिशारा काही न देता सुकाणू वळवलं. झोत पुऱ्या शिडात भरला. डोंगा उचलला. या वेळी दोरात गाठ नव्हती, तो सोडला असता तर सरसर पळाला असता. "सोडा सर," ती म्हणाली, अगदी सावकाश. भुपेंद्रनं दोर दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला.

बोट आडवी झाली. दामिनी खालच्या डोंग्याला धरून राहिली, आणि तिनं हाक मारली, कारण भय्याजींची शिकवण हाडात मुरली होती. बोट धरून ठेवा, म्हणाली. पण तिला ठाऊक होतं की तो धरणार नाही. गेल्या वेळी त्यानं आपला जीव घेऊन वर धाव घेतली होती, या वेळी त्यानं काठाकडे घेतली. मंडपाच्या दिशेनं तो हात मारू लागला. वारा समोरून, चष्मा गेलेला, अंगात जॅकेट. इकडे बोट वाहत वाहत त्याच्यापासून लांब चालली. दामिनीनं तिकडे पाहिलंच नाही. तिनं दोर मोकळे केले, नाकाकडे सरकली, बोट फिरू दिली, बोरी भरली, खांद्यामागं घेतली आणि अंग झोकलं. शीड पाण्यावरून सुटलं. डोंगा डोक्यावरून आला तो तिनं चुकवला, नळी पकडली, आणि जाळीवर चढून बसली. काठावरून आरोळी उठली. एकट्या पोरीनं बोट उचलली होती.

तेवढ्यात दुसरी आरोळी ऐकू आली. "वाचवा! हिरालाल! अरे वाचवा!" भुपेंद्र पाय पोटाशी घेऊन जॅकेटावर तरंगत होता आणि दोन्ही हातांनी पाणी झोडपत होता. मोटार सुरू झाली. दामिनीनं हात वर केला, मोटार बंद झाली. काठावर बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या, पोरांनी मोबाइल वर केले. तिनं शीड ओढून घेतलं, आरामात नागमोडी येत त्याच्याजवळ आली, आणि जवळ येऊन सगळं सैल सोडलं. दोन वर्षं जे वाक्य तिनं घोटून घोटून ठेवलं होतं ते वेगळंच होतं, शिवीगाळ होती त्यात. तोंडातून मात्र हे निघालं.

"उभे राहा सर. पाय टेकते इथं."

त्याला कळेना. ती पुन्हा म्हणाली. त्यानं पाय खाली सोडले, आणि भुपेंद्र सर, लाखनीचे, गोव्याचे, धरणाच्या भर मध्यात उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत होतं.

काठावर जो हशा उठला तो अजून चिचबोडीत चालू आहे. वासुदेवराव एकटे हसत नव्हते. ते उठून पाण्याच्या कडेला आले होते आणि शेजारच्याचा दंड धरून सांगत होते की ती पाळ आहे, माझी पाळ, मी म्हणत नव्हतो का. दामिनी बोटीवरून वाकली आणि फक्त भुपेंद्रलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता सांगा. गाठ काहून मारली होती?"

त्याचे दात वाजत होते. "कोणती गाठ?"

"शिडाच्या दोराले. दोन वर्षांपूर्वी."

"कोणती गाठ, दामिनी?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका भाबडा झाला होता की तिला आणखी चीड आली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं मनाशी म्हणत तिनं शीड ओढलं आणि त्याला तिथंच उभा ठेवून काठाला आली. हिरालालनं त्याला आणायला जायच्या आधी एक विडी ओढली.

पुढचं लोकांनीच केलं. व्हिडिओ लाखांदूरपर्यंत गेला. एसटीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत भुपेंद्रचं नाव पडलं 'कमरेभर'. आठ दिवसांत तो किलब सोडून लाखनीला बापाच्या दुकानात जाऊन बसला. दामिनी त्याच्या जागी लागली. 'पलटी' म्हणणाऱ्या बायका आता आपल्या पोरींना तिच्याकडे शिकायला पाठवू लागल्या. ती सुखानं झोपू लागली. सुडाला गोडवा नसतो असं म्हणणाऱ्यांनी तो नीट घेतलेला नसावा, असं तिचं त्या दिवसांतलं मत होतं.

महिनाभरानं एका सकाळी वासुदेवराव डबा घेऊन किलबात आले. लेकीची अढी गेली होती, त्यामुळे त्यांचीही भीड गेली होती. दामिनी शेडमधून जॅकेटं आणायला गेली. परत आली तर ते धोतर खोचून बोटीशी उभे, हातात शिडाचा दोर, आणि जीभ दाताखाली धरून त्यात काहीतरी करत होते.

"काय करून राहिले बाबा?"

"गाठ मारून राहिलो. मोकळा दोर हाये वो, हातातून निसटला तं? कासऱ्याले नाही का गाठ असते मुठीच्या जागी? बैल कितीही उधळो, दोर हातातच राह्यते." त्यांनी गाठ आवळली, अंगठ्यानं चाचपून पाहिली. "मागच्या डावालेही मीच मारली होती. तू जॅकीट घालाले गेली होती तवा. म्या इतकी पक्की गाठ मारूनही दोर तुह्या हातातून कसा सुटला अन् बोट कशी पलटली, ते मले अजून समजलं नाही. म्हणून तं तुले इचारलं होतं त्या दिवशी."

दामिनीनं दोर हातात घेतला. कप्पीच्या तोंडाशी, सुपारीएवढी. पाण्याखाली बोटांना लागली होती ती हीच. तिला बापावर ओरडावंसं वाटलं, दोर त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला, आणि ते तिच्याकडे अशा नजरेनं बघत होते की शाबासकीची वाट पाहत असावेत. ती जाळीवर बसली आणि गाठ दातांनी सोडवू लागली. बराच वेळ लागला. मग म्हणाली, या दोराला गाठ चालत नाही बाबा, हा वेगळा असतो. बरं, म्हणाले ते, आणि डबा उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून, एसट्या बदलत ती लाखनीला गेली. हायवेवर ट्रकांची रांग, टायरच्या दुकानात भुपेंद्र उकिडवा बसून ट्यूब पाण्याच्या टबात दाबत होता, बुडबुडे कुठून येतात ते शोधत. तिला बघून तो उठला नाही.

"गाठ माह्या बाबानं मारली होती," ती म्हणाली. "मले काल समजलं."

त्यानं ट्यूब फिरवली. बुडबुडा आला तिथं अंगठा ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे दोर सुटतच नोहोता. मले खरंच वाटलं होतं, तू घाबरली." आणि थोड्या वेळानं, वर न बघता, "सांगशील का मंग? भोंग्यावर. म्या सांगितलं होतं तसं, सगळ्यायसमोर."

दामिनीच्या डोळ्यापुढं मंडप आला, भोंगा आला, आणि शेजारच्याचा दंड धरून 'माझी पाळ' म्हणणारा म्हातारा आला. सांगायचं म्हणजे हेच सांगायचं, की माझा बाप बोट उलटवणारा. मग गाव त्यांना काय नाव ठेवील ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही वर बसून होते सर. म्या खालून बुक्क्या मारल्या, तुम्ही पाय उचलून घेतले."

भुपेंद्रचे हात टबात थांबले. त्यानं ते नाकारलं नाही. एक ट्रकवाला हवा भरून मागायला आला, आणि तो उठून नळी घेऊन गेला. दामिनी परतीच्या एसटीसाठी थांब्यावर जाऊन उभी राहिली.

आता बोट पाण्यात लोटायच्या आधी ती सगळा दोर, टोकापासून टोकापर्यंत, बोटांतून फिरवते. शिकणाऱ्या पोरींना वाटतं, हा शिक्षणातला भाग आहे. वासुदेवराव काठावर बसून पाहुण्यांना पाळ दाखवतात, आणि कोणीतरी हटकून विचारतं, कमरेभर उभा होता तो कुठं? सगळे हसतात. दामिनी हसत नाही. पण त्यांना थांबवतही नाही.